फोर्ट युनियन: सरहद्दीवरचं लष्करी ठाणं आणि त्याच्या मातीच्या भिंती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू मेक्सिकोत फिरायला जाणारे आणि गावाकडच्या मातीच्या जुन्या भिंती सांभाळू पाहणारे, अशा दोन्ही तऱ्हेच्या वाचकांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी इतिहास, मग भिंती, शेवटी भेट आणि कागदपत्रं.

हे ठाणं नेमकं कुठे आहे?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, मोरा काउंटीमध्ये, वॉट्रस या लहानशा गावापासून सुमारे १३ किमीवर. उंची समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून थोडी जास्त. आजूबाजूला मैलोन्‌मैल गवताळ माळ, एका अंगाला सपाट माथ्याचे डोंगर. मिझुरीहून सांता फेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या दोन वाटा, एक डोंगरातून येणारी आणि एक सिमॅरनची जवळची पण कमी पाण्याची, या परिसरात एकत्र येतात. गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजूनही गवतात दिसतात, विशेषतः सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात.

लष्कराला इथे ठाणं कशासाठी हवं होतं?

सांता फे मार्ग १८२१ मध्ये व्यापाराला खुला झाला, तेव्हा हा मुलूख मेक्सिकोचा होता. १८४६ च्या युद्धात अमेरिकेने तो घेतला आणि १८४८ च्या तहाने त्यावर शिक्का बसला. नव्या मुलखात फौज ठेवायची तर तिचं धान्य, दारूगोळा, कपडे सारं पूर्वेकडून बैलगाड्यांनी यायचं. कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थ या लष्करी ठाण्याहून इथवर सुमारे १,२०० किमी. बैलांची गाडी दिवसाला २० ते २४ किमी चालते, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी दोन महिने. १८५१ मध्ये लेफ्टनंट कर्नल एडविन समनर यांनी विभागाचं मुख्यालय सांता फे शहरातून हलवून इथे आणलं. शहरात फौजेचा खर्च वाढतो आणि शिस्त बिघडते असं त्यांचं मत होतं. मार्गावर पहारा आणि सामानाची साठवण, ही दोन्ही कामं या जागेवरून होणार होती.

एकाच ठिकाणी तीन किल्ले कसे?

तीन वेगळ्या गरजा आणि तीन वेगळी बांधकामं. हे नीट समजून घेतलं की जागेवरचा गोंधळ मिटतो.

पहिला, १८५१ चा, डोंगराच्या पायथ्याशी. सैनिकांनीच ओल्या, साल न काढलेल्या पाइनच्या ओंडक्यांनी घाईत उभारला. ओंडके पाया न घालता थेट जमिनीवर टेकवले. ओलं लाकूड जमिनीला लागलं की खालून ओल, आत कीड, वर वाकलेलं छप्पर हे ठरलेलंच. थोड्याच वर्षांत खोल्या गळू लागल्या आणि कुजू लागल्या. पुढे त्याच जागी शस्त्रागाराच्या इमारती झाल्या.

दुसरा, १८६१ चा, ताऱ्याच्या आकाराचा मातीचा भराव. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं होतं आणि टेक्सासकडून दक्षिणेची, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांची, फौज येणार अशी खबर होती. तिचा सेनापती हेन्री सिबली हा काही महिन्यांपूर्वी याच ठाण्याचा अधिकारी होता. ठाण्यात काय काय आहे हे त्याला तोंडपाठ होतं. म्हणून डोंगरापासून दूर, मोकळ्यावर भराव घातला. आतल्या खोल्या इतक्या ओल्या आणि कोंदट निघाल्या की सैनिक बाहेर तंबूत राहणं पसंत करत. शिवाय नंतर लक्षात आलं की डोंगरावर तोफ चढवली तर हाही माऱ्यात येतो.

तिसरा, १८६३ पासून पुढली काही वर्षं जनरल जेम्स कार्लटन यांच्या काळात बांधलेला. आज ज्या भिंती दिसतात त्या याच्या. दगडी पाया, त्यावर कच्च्या विटांच्या भिंती, भिंतीच्या माथ्यावर भाजक्या विटांचे थर, चुन्याचा गिलावा आणि पत्र्याची छपरं. माथ्यावरच्या त्या भाजक्या विटा नक्षीसाठी नव्हत्या, पाणी भिंतीत उतरू नये म्हणून होत्या. पुढचे बरेच प्रश्न याच एका गोष्टीशी येऊन थांबतात.

तट आणि बुरूज कुठे आहेत?

नाहीत, आणि तिसऱ्या किल्ल्याला कधीच नव्हते. सह्याद्रीतले किल्ले पाहून गेलेला माणूस इथे पहिल्यांदा बुचकळ्यात पडतो. पश्चिमेकडची बहुतेक लष्करी ठाणी अशीच उघडी होती: मधे कवायतीचं मैदान, एका बाजूला अधिकाऱ्यांची घरं, समोर बराकी, मागे तबेले. इथे तर ठाण्याहून कोठार मोठं होतं. गोदामं, सुतारशाळा, लोहारशाळा, गाड्या दुरुस्तीची जागा, जनावरांचे गोठे. तिथे काम करणारे शेकडो लोक वर्दीतले नव्हतेच. त्यांत स्थानिक स्पॅनिशभाषक मजूर आणि कारागीर मोठ्या संख्येने होते. आमच्या मते फोर्ट युनियनला किल्ला समजण्यापेक्षा लष्कराचं घाऊक कोठार समजून पाहिलं तर अवशेष पटकन कळतात.

इथे लढाई झाली का?

ठाण्यावर नाही. पण १८६२ च्या मार्चमध्ये कोलोरॅडोचे स्वयंसेवक सुमारे ६५० किमी १३ दिवसांत चालून इथे आले आणि इथूनच पुढे गेले. २६ ते २८ मार्चला ग्लोरिएटा खिंडीत लढाई झाली. मैदानावर निकाल अनिर्णित म्हणावा असा होता. पण मेजर शिव्हिंग्टन यांच्या तुकडीने डोंगराला वळसा घालून दक्षिणेच्या फौजेचा मागे ठेवलेला सामानाचा तळ जाळला. अन्नाशिवाय फौज टिकेना आणि सिबलींना टेक्सासला परतावं लागलं.

आधीपासून राहणाऱ्या लोकांचं काय झालं?

हा प्रश्न टाळून या ठाण्याचा इतिहास सांगता येत नाही. हिकारिया अपाची, यूट, कोमांची, कायोवा या लोकांविरुद्धच्या मोहिमांना माणसं, घोडे आणि रसद इथून मिळाली. १८६० च्या दशकात कार्लटन यांच्या हुकमाने नवाहो लोकांना त्यांच्या प्रदेशातून शेकडो किमी चालवत फोर्ट समनरजवळच्या बॉस्क रेडोंडोला नेलं. तिथे पाणी खारं होतं, पिकं बुडत होती, आजार आणि उपासमारीने असंख्य माणसं दगावली. १ जून १८६८ च्या तहानंतर ते परतू शकले. त्या छावणीची रसदही फोर्ट युनियनच्या कोठारातून जाई. पुढे १८७० च्या दशकात नववी घोडदळ पलटण, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांची, इथे तैनात होती.

साध्या सैनिकाला पगार किती होता?

१८५४ नंतर महिना ११ डॉलर, १८६४ मध्ये १६, आणि १८७० च्या दशकात १३. जेवणात पाव, खारवलेलं मांस, घेवड्याच्या बिया आणि कॉफी. ताजी भाजी मिळाली नाही की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून ठाण्याला भाजीमळा असे.

ठाणं बंद का पडलं?

रेल्वे. १८७९ मध्ये रूळ या भागात पोचले आणि दोन महिन्यांचा बैलगाडीचा प्रवास काही दिवसांवर आला. मग मधल्या कोठाराचं काम काय उरलं? शस्त्रागार १८८३ मध्ये बंद झालं, फौज १८९१ मध्ये निघून गेली.

फौज गेली तेव्हा इमारती उभ्या होत्या ना? मग छपरं कुठे गेली?

लोकांनी नेली. तुळया, दारं-खिडक्या, पत्रा, माथ्यावरच्या भाजक्या विटा, सगळं आसपासच्या वाड्या-वस्त्यांत लागलं. लाकूड दुर्मीळ असलेल्या मुलखात यात आश्चर्य नाही, आणि नेणाऱ्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. पण माथा उघडा पडल्यावर कच्च्या विटा पावसाने विरघळू लागल्या. विटांच्या धुरांड्या आणि दगडी तुरुंगाच्या कोठड्या उभ्या राहिल्या, मधल्या भिंती वितळत गेल्या. एकाकी धुरांड्यांची ती रांग त्यामुळेच दिसते. संरक्षणाचा कायदा २८ जून १९५४ ला झाला आणि १९५६ मध्ये हे राष्ट्रीय स्मारक अस्तित्वात आलं. क्षेत्र सुमारे ७२० एकर, दोन तुकड्यांत.

मातीची भिंत नेमकी कुठून खचते?

दोन टोकांकडून: माथ्यावरून आणि बुडातून. मधला भाग सहसा शेवटी जातो.

माथ्यावर पाऊस पडतो, बर्फ साचतो. बर्फ दिवसा वितळतो, पाणी विटेत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि पृष्ठभाग सोलवटतो. एकदा माथ्यावर घळ पडली की प्रत्येक सरीचं पाणी त्याच घळीने वाहतं आणि ती खोल होत जाते.

बुडाची गोष्ट जास्त फसवी. जमिनीतली ओल वर चढते, तिच्याबरोबर क्षार चढतात. पाणी हवेत उडून जातं, क्षार मात्र पृष्ठभागाजवळ स्फटिक होऊन राहतात आणि मातीचे कण सुटे करतात. यालाच आपण लोणा म्हणतो. शिवाय जमिनीवर आपटून उडणारं पावसाचं पाणी पहिल्या फूटभर उंचीलाच मार देतं. परिणामी बुडाशी आडवी खोबण पडते.

खोबण किती खोल झाली की घाबरायचं? ती एकाच बाजूने असेल आणि भिंत सुटी उभी असेल तर हिशेब सोपा आहे: जाडीच्या पाव भागापुढे गेली की वरच्या वजनाचा मध्य उरलेल्या बुडाच्या सुरक्षित पट्ट्याबाहेर सरकतो आणि खोबणीच्या कडेवर दाब सरासरीच्या दुपटीहून वाढतो. ५० सेंमी जाडीच्या भिंतीला म्हणजे साडेबारा सेंमी. त्याच्या अलीकडेच भरून घ्यावं. बुडाशी माती ओली असेल तर मर्यादा आणखी खाली, कारण ओल्या कच्च्या विटेची ताकद झपाट्याने घटते.

सिमेंटचा गिलावा केला तर प्रश्न कायमचा मिटणार नाही का?

उलट वाढतो. सिमेंट पाण्याला बाहेर येऊ देत नाही आणि मातीबरोबर हलत नाही. बारीक तडा जातोच. त्यातून पाणी आत जातं आणि बाहेरचा मार्ग बंद असल्याने भिंतीत साठतं. बाहेरून गिलावा ठणठणीत, ठोकला तर पोकळ आवाज, आणि आत चिखल, असा प्रकार उघडा केल्यावर दिसतो. जमिनीची ओलही गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत चढते, म्हणजे खराबी बुडातून उचलून अर्ध्या भिंतीवर नेऊन ठेवली जाते.

माथ्यावर काँक्रीटची टोपी घातली तरी तेच. टोपी टिकते, तिच्या कडेवरून गळणारं पाणी टोपीच्या खालची मऊ माती खातं. काही वर्षांनी जड टोपी बारीक मानेवर उभी असते.

रसायन फवारून भिंत पक्की करता येत नाही?

१९५०-६० च्या दशकांत तेच करून पाहिलं होतं. पाणी झटकणारं सिलिकोन फवारलं की वरचा काही मिलिमीटरचा थर कडक आणि कोरडा होतो. मागून ओल आणि क्षार येतच राहतात, ते या थराच्या पाठीमागे अडतात आणि थर पापुद्र्यासारखा मूळ पृष्ठभागासकट गळून पडतो. म्हणजे जे वाचवायचं तेच जातं. नंतर न्यू मेक्सिकोतच फोर्ट सेल्डन इथे १९८० च्या दशकात चाचणीसाठी मुद्दाम मातीच्या भिंती बांधून वेगवेगळे लेप आणि मिश्रणं उघड्यावर तपासली गेली. कल हळूहळू साध्या मातीकडे परतला.

मग आता काय करतात?

मूळ भिंतीवर त्यागाचा थर चढवतात. साध्या मातीचा लेप आणि माथ्यावर नव्या कच्च्या विटांचे एक-दोन थर. पाऊस या थराला खातो, आतली १८६० च्या दशकातली भिंत वाचते. थर झिजला की पुन्हा लावायचा. उन्हाळा आला की गवंड्यांची तुकडी कामाला लागते आणि हे काम कधी संपत नाही. निधी मागताना नेमकी हीच अडचण येते, कारण उद्घाटन करता येईल असं त्यात काहीच नसतं.

क्रम असा:

१. आधी फोटो. प्रत्येक भिंतीचा, ठरलेल्या जागेवरून, मोजपट्टीसह. नाहीतर वर्षभरात किती झिजलं हे सांगता येत नाही.

२. पाणी वळवणं. भिंतीपासून बाहेर उतार, पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये दर मीटरला सुमारे ५ सेंमी. बुडाशी साचलेली माती काढताना घाई नको. कधी तीच भिंतीला धरून असते. आधी टेकू, मग खोदकाम.

३. मऊ ब्रशने सुटी माती झाडणं. तारेचा ब्रश नको.

४. खोबण भरणं. एकदम पूर्ण लांबी नाही. ६० ते ९० सेंमीचा एक तुकडा, मग तेवढाच सोडून पुढचा. भरायला पूर्ण वाळलेल्या कच्च्या विटा वापरायच्या. ओल्या चिखलाचे गोळे कोंबले तर वाळताना आकसतात आणि वर फट राहते, म्हणजे भराव दिसतो पण वजन घेत नाही. शेवटचा सांधा दोन-तीन दिवसांनी, खालचा भाग बसल्यावर, घट्ट ठासायचा.

५. लेप. भिंत धुक्यासारख्या फवाऱ्याने ओलसर करायची. पाइपची धार कधीच नाही. १०-१२ मिमीचा थर, तो वाळला की दुसरा. एकाच वेळी ३ सेंमी थापला तर तडे जाणारच.

६. वेळ. न्यू मेक्सिकोतही जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीजगर्जनेसह पाऊस येतो आणि तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. लेप सकाळी लावून दुपारी ताडपत्रीने झाकावा. रात्री पाणी गोठू लागण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी ओलं काम थांबवायचं.

माती कशी तपासायची आणि विटा कशा पाडायच्या?

काचेची एक लिटरची बरणी तिसरा हिस्सा मातीने भरा, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. दोन मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ तासा-दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. थरांची उंची मोजली की प्रमाण कळतं. विटेसाठी चिकणमाती साधारण १५ ते २५ टक्के आणि वाळू निम्म्याहून बरीच जास्त असावी. चिकणमाती जास्त असेल तर वीट तडकते, कमी असेल तर हाताने भुगा होतो.

न्यू मेक्सिकोत आजची नेहमीची वीट साधारण २५ × ३५ × १० सेंमी, वजन १४-१५ किलो. माती चाळून, आदल्या रात्री भिजवून, पेंढा मिसळून साच्यात घालतात. साचा लगेच उचलायचा. दोन-तीन दिवसांनी वीट कडेवर उभी करायची, मग तीन-चार आठवडे वाळवायची. मधोमध फोडून पाहा: आत गडद ठिपका दिसला तर अजून ओली आहे.

नवी माती मूळ भिंतीहून कडक नसावी. रंग जवळचा असावा, पण जवळून पाहणाऱ्याला नवं-जुनं ओळखता आलं पाहिजे.

पुन्हा छप्पर घालून जसंच्या तसं का बांधत नाहीत?

कारण जे उरलंय ते मूळ आहे. खोलीची उंची, दारांच्या चौकटी, आतली रंगरंगोटी याबद्दल अंदाज बांधत गेलो तर नव्या इमारतीखाली जुनी भिंत पुरली जाते. जिथे इमारती टिकल्या होत्या तिथे गोष्ट वेगळी. वायोमिंगमधलं फोर्ट लॅरमी लष्कराने १८४९ मध्ये ४,००० डॉलरला विकत घेतलं. तिथली त्याच वर्षी बांधायला घेतलेली अधिकाऱ्यांची दुमजली इमारत उभी राहिली, म्हणून तिचं पुनरुज्जीवन करता आलं. कोलोरॅडोतलं बेंट यांचं मातीचं व्यापारी ठाणं मात्र १९७६ मध्ये संपूर्ण नव्याने बांधलं आहे. शाळेच्या मुलांना ते जास्त आवडतं, यात शंका नाही; पण तिथली वीट हात लावून पाहिली तर ती विसाव्या शतकातली असते. आणि नव्या मातीच्या इमारतीलाही दरवर्षी तेवढीच देखभाल लागते.

हे सगळं आमच्या गावच्या गढीला लागू पडतं का?

तत्त्व तेच, हवामान वेगळं. मराठवाड्यात बर्फाचा त्रास नाही, पण पाऊस जास्त आणि तो चार महिन्यांत येतो. म्हणून लेप एप्रिलअखेर आटोपावा, म्हणजे मिरगाआधी पूर्ण वाळतो. गढीची पांढरी माती पुन्हा वापरताना जपून: जुन्या वस्तीच्या मातीत राख आणि क्षार भरपूर असतात, म्हणूनच ती शेतात खत म्हणून नेली जाते. तीच लेपात घातली तर लोणा आपल्या हाताने लावल्यासारखं होईल. बरणीच्या चाचणीबरोबर क्षारांसाठी मातीपरीक्षण करून घ्या.

धाबं शाबूत असेल तर पहिला पैसा धाब्यावर आणि पन्हळींवर खर्च करा, भिंतीवर नाही. माथ्यावर उगवलेलं पिंपळाचं रोप ओढून उपटू नका, मुळांबरोबर थर सुटतात. बुडाशी कापून मूळ मारा. गढी राज्य किंवा केंद्राच्या संरक्षित यादीत असेल तर हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी, हा नियम तुमच्या स्वतःच्या घरालाही लागतो.

भेट द्यायची तर?

आंतरराज्य महामार्ग २५ वरून ३६६ क्रमांकाच्या फाट्याला उतरा, मग राज्य मार्ग १६१ ने शेवटपर्यंत. नकाशात ‘लास वेगस’ दिसलं तर ते न्यू मेक्सिकोतलं आहे, नेवाडातलं नव्हे. जवळचं मुक्कामाचं गाव तेच, सुमारे अर्ध्या तासावर. प्रवेश शुल्क नाही. फिरायला दीड-दोन तास ठेवा. सावली नाही, वारा भणाणतो, उंचीमुळे धाप लागते. पाणी आणि टोपी हवीच. उन्हाळ्यात खुळखुळ्या साप वाटेवर येतात, म्हणून गवतात शिरू नका. भिंतींना टेकू नका, वर चढू नका. लहान मुलांचा हात धरा.

जमिनीवर जुनं बटण किंवा काडतूस दिसलं तर?

उचलू नका. जागेचा फोटो घ्या आणि रेंजरला सांगा. वस्तू कुठे पडली होती हीच तिची अर्धी माहिती असते. वस्तू नेणं आणि धातुशोधक यंत्र वापरणं हे दोन्ही गुन्हे आहेत.

इथे असलेल्या एखाद्या सैनिकाची माहिती कशी शोधायची?

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठाण्यांचे मासिक अहवाल सूक्ष्मपटावर आहेत, मालिका एम ६१७. त्यात त्या महिन्यात कोणती पलटण होती, किती जण हजर, किती आजारी, किती पळाले हे मिळतं. साध्या सैनिकांची भरतीची नोंदवही एम २३३ मध्ये आहे. आधी तिथून पलटण आणि कंपनी काढा, मग मासिक अहवाल पाहा. उलट क्रमाने गेलात तर साध्या सैनिकांची नावं अहवालात क्वचितच सापडतात. कोठारात काम करणारे नागरिक या दोन्हींत नसतात, त्यांच्यासाठी क्वार्टरमास्टर खात्याचे कागद पाहावे लागतात, अभिलेख गट ९२. स्पॅनिश नावांची इंग्रजी कारकुनांनी मनाला येईल तशी स्पेलिंगं केली आहेत, तेव्हा एकाच नावाचे चार-पाच प्रकार शोधून पाहा.